तलावातले शेवाळ तोलून उचलावे : सोलापूर महानगरपालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका, सोलापूर

प्रत माहितीसाठी : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, सोलापूर कार्यालय

विषय : शहरातील तलाव आणि नाल्यांमधील जादा नत्र (नायट्रोजन) व स्फुरद (फॉस्फरस) शेवाळाच्या साह्याने काढून घेण्याबाबत, आणि अशा कामाचे देयक कोणत्या मोजमापावर द्यावे याबाबत.

सादर नमस्कार.

मी या शहरात 31 वर्षे जीवशास्त्र शिकवले. उन्हाळा सुरू होताना अकरावीच्या मुलामुलींना घेऊन पहाटे साडेपाचला तलावावर जायचे आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा, हा माझा नेम होता. विंकलर पद्धत जुनी, पण शाळेच्या प्रयोगशाळेत जमण्यासारखी आहे. काठोकाठ भरलेल्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले की साका खाली बसतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षी शहरातल्या एका तलावावर आम्ही भरलेल्या पाचही बाटल्यांमधला साका पांढरा राहिला. काठाजवळचे मासे तोंड वर काढून हवा घेत होते. त्याच दिवशी दुपारी तीन वाजता त्याच जागी भरलेल्या बाटल्यांमध्ये साका गडद तपकिरी झाला, इतका की मुलांना आपलेच काहीतरी चुकले असे वाटले. एका मुलीने विचारले, "मॅडम, दुपारी एवढा प्राणवायू असतो, तर पहाटेपर्यंत तो जातो कुठे?"

तिला मी तेव्हा तोंडी उत्तर दिले होते. ते उत्तर आपल्यापर्यंत सविस्तर पोहोचावे आणि त्यातून निघणारी एक विनंती आपण विचारात घ्यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती आधीच सांगून टाकते : शहरातल्या कोणत्याही तलावाच्या शुद्धीकरणासाठी शेवाळाचा उपयोग करायचा झाल्यास, पाण्यातून प्रत्यक्ष बाहेर काढलेल्या शेवाळाचे कोरडे वजन आणि त्यातले स्फुरदाचे प्रमाण, एवढ्याच आधारावर देयक दिले जावे.

हिरवे पाणी दिवसा प्राणवायूने भरलेले असते, कारण त्यातली कोट्यवधी सूक्ष्म शेवाळे प्रकाशसंश्लेषण करीत असतात. सूर्य मावळला की तीच शेवाळे श्वसनासाठी तो प्राणवायू वापरू लागतात, आणि तळाशी साचलेल्या मेलेल्या शेवाळावर जगणारे जिवाणू रात्रंदिवस तेच करीत असतात. त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे नेमके त्याच वेळी मरतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांना तरंगणारे मासे दिसतात, कुणीतरी विष टाकले असावे अशी चर्चा होते, दुपारी अकरा वाजता पाण्याचा नमुना घेतला जातो आणि त्यात प्राणवायू भरपूर असल्याचा अहवाल येतो. नमुना घेणाऱ्याची यात काही चूक नसते. वेळ चुकलेली असते.

आता हे शेवाळ इतके वाढते कशामुळे, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नत्र आणि स्फुरद दिले की पीक वाढते, मग ते रानातले असो की पाण्यातले. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींमध्ये कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचे अणू साधारण 106 : 16 : 1 या प्रमाणात असतात. आल्फ्रेड रेडफिल्ड या शास्त्रज्ञाने 1934 पासून मांडलेले हे प्रमाण गोड्या पाण्यातल्या शेवाळाला थोड्याफार फरकाने लागू पडते. वजनात मांडायचे तर कोरड्या शेवाळात नत्र सहा टक्क्यांच्या आसपास आणि स्फुरद जेमतेम एक टक्का असते. म्हणजे तलावात उतरलेल्या एक किलो स्फुरदावर शंभर किलोहून अधिक कोरडे शेवाळ पोसले जाऊ शकते, आणि ओल्या वजनात ते टनाच्या पुढे जाते. मैलापाणी, कपडे धुण्याची पावडर, गुरांचे शेण, निर्माल्य, माशांना पुण्य म्हणून टाकलेल्या कणकेच्या गोळ्या, शेतातून वाहून येणारे खत, या सगळ्यातून हे स्फुरद येते. यातले काहीही आपण विष मानत नाही. म्हणूनच त्याच्याकडे प्रदूषण म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झालेली नाही.

नत्र आणि स्फुरद या दोन्हींमध्ये स्फुरदावर माझा भर का, याचे कारण कॅनडातील एका प्रयोगात आहे. ओंटारिओ प्रांतातील 226 क्रमांकाचे सरोवर मध्ये कंबरेसारखे निमुळते आहे. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये त्या कंबरेवर पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद घातले. स्फुरद मिळालेला भाग त्याच उन्हाळ्यात हिरवागार झाला. दुसरा भाग जसा होता तसा राहिला. वरून काढलेले त्या सरोवराचे छायाचित्र मी दरवर्षी फळ्याशेजारी लावत असे, कारण त्यानंतर फारसे समजावून सांगावे लागत नसे. नत्राला हवेत परतण्याचा मार्ग आहे; तळाच्या चिखलातले काही जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात, आणि उलट काही नीलहरित शेवाळे हवेतला नत्र पुन्हा पाण्यात आणतात. स्फुरदाला असा वायूचा मार्ग नाही. ते पाण्यात असते, चिखलात असते किंवा एखाद्या सजीवाच्या शरीरात असते. बंदिस्त तलावातून ते कमी करायचे तर कुणीतरी ते हाताने किंवा यंत्राने उचलून काठापलीकडे नेलेच पाहिजे.

शेवाळाचा उपयोग येथे होतो. पाण्यात अगदी विरळ पसरलेले स्फुरद गाळून काढणे रसायनांनी शक्य असले तरी तलावासाठी ते महागाचे आणि मागे रासायनिक गाळ सोडणारे काम आहे. शेवाळ मात्र लिटरमध्ये मिलिग्रॅमचा अंश असलेले स्फुरदसुद्धा ओढून आपल्या शरीरात गोळा करते. जी भूक तलाव बिघडवते तीच भूक बांधून घातली तर तलावाच्या उपयोगी पडते. मात्र शेवाळ मेले की त्याने गोळा केलेले सगळे पुन्हा पाण्यात सुटते, आणि उन्हाळ्यात त्याला फार दिवस लागत नाहीत.

म्हणून तलावात काहीतरी द्रावण ओतून पाणी स्वच्छ करून देण्याचे जे प्रस्ताव अनेक शहरांत मांडले जातात, त्यांच्याविषयी मी आपल्याला सावध करू इच्छिते. या द्रावणांमध्ये कधी उपयुक्त शेवाळ, कधी जिवाणू, तर कधी शेवाळाला चालना देणारी सूक्ष्म द्रव्ये असल्याचे सांगितले जाते. शहराबाहेरच्या एका खासगी तळ्यावर असा प्रयोग मी जवळून पाहिला. पहिले काही आठवडे पाण्याचा वास कमी झाला, रंग बदलला, मालक समाधानी झाले आणि मक्तेदाराचे पैसे चुकते झाले. पावसाळ्याआधी पाणी पुन्हा गर्द हिरवे झाले होते. त्यात नवल नव्हते, कारण तळ्यातून एक ग्रॅम स्फुरदही बाहेर गेले नव्हते. ते एका शरीरातून दुसऱ्या शरीरात फिरत होते. उन्हाळी पाण्यात शेवाळाच्या वाढीने सामू (pH) नऊच्या वर गेला की थोडे स्फुरद आपल्याकडच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटून खाली बसते आणि वरचे पाणी काही काळ निवळलेले दिसते, हेही खरे आहे. परंतु तळाशी प्राणवायू संपला आणि सामू उतरला की चिखलातून स्फुरद परत वर येते.

जलपर्णीचेही असेच होते. जलपर्णी उत्तम शोषक वनस्पती आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण एका तलावातून बाहेर काढलेल्या जलपर्णीचे ढीग काठावरच, पाण्याच्या रेषेपासून चार पावलांवर कुजत ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर त्या ढिगांचा काळपट रस पुन्हा तलावात उतरतानाही पाहिला आहे. माणसांनी दिवसभर छातीभर पाण्यात उभे राहून केलेले ते कष्ट होते. ढीग त्याच दिवशी ट्रकमधून शंभर मीटर दूर नेला असता तर त्या कष्टांचे चीज झाले असते.

बांधलेल्या शेवाळाची पद्धत कशी चालते ते आता सांगते. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या वॉल्टर एडी यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून ती विकसित केली. प्रवाळ बेटांवर लाटांच्या माऱ्याखाली शेवाळाचे गवताळ थर किती झपाट्याने वाढतात, हे निरीक्षण तिच्या मुळाशी आहे. हलका उतार असलेल्या लांबट, उथळ पन्हाळीत जाळी अंथरतात. वरच्या टोकाला तलावाचे पाणी एकसारखे न सोडता थोड्या थोड्या वेळाने लोटासारखे सोडतात. काही दिवसांत जाळीवर धाग्यासारखे शेवाळ धरते; ते बाहेरून आणून लावावे लागत नाही, तलावातच ते बीजरूपाने असते. पाणी या हिरव्या गालिच्यावरून बोटभर जाडीने वाहत खाली येते, वाटेत नत्र आणि स्फुरद सोडते, प्राणवायू घेते आणि तलावात परत जाते. दर आठवड्याला किंवा दहा दिवसांनी पाणी थांबवून, थर निथळू देऊन, शेवाळ खरवडून काढतात. तळचे धागे जाळीतच राहत असल्याने ते पुन्हा वाढते, लसूणघासाची कापणी व्हावी तसे. फ्लोरिडातील इंडियन रिव्हर काउंटीमध्ये कालव्याचे पाणी खाडीत जाण्यापूर्वी अशा पद्धतीने स्वच्छ करणारे केंद्र चालवले गेले आहे. दुसरी जुनी पद्धत म्हणजे विल्यम ऑस्वाल्ड यांनी 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात उभी केलेली उथळ, वर्तुळाकार फिरत्या पाण्याची शेवाळतळी. ती मैलापाण्यासाठी चांगली आहेत, परंतु त्यांतले शेवाळ सुटे आणि सूक्ष्म असल्याने ते पाण्यापासून वेगळे करणे अवघड जाते. तलावासाठी जाळीवर धरणारे शेवाळ मला अधिक योग्य वाटते, कारण ते फावड्याने उचलता येते आणि काट्यावर ठेवता येते.

आम्ही हे गच्चीवर करून पाहिले आहे. पन्हाळीसाठी पत्रा, त्यावर नायलॉनची मच्छरदाणी, आणि वर एक अशी बादली जी भरली की आपोआप कलंडते. सतरा-अठरा वर्षांच्या तीन मुलांनी हे दोन रविवारांत उभे केले. मच्छरदाणीवर शेवाळ धरले, पण पाण्याच्या लोटासरशी सुटून येऊ लागले. तेव्हा त्यांच्यातल्या एकाने, ज्याचे वडील यंत्रमागावर होते, घरून नाकारलेल्या मालातला टेरी टॉवेलचा तुकडा आणला आणि जाळीखाली ताणून बसवला. टॉवेलच्या फासांमध्ये शेवाळाने असे मूळ धरले की खरवडल्यावरही चौथ्या दिवशी तो हिरवा दिसू लागला. सूत पाण्यात कुजते, त्यामुळे तो तुकडा पावसाळ्यापर्यंतच टिकला. अमेरिकेतील यूटा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी फिरत्या दंडगोलावर सुती दोर गुंडाळून शेवाळ वाढवल्याचे मी नंतर वाचले, तेव्हा त्या मुलाची आठवण झाली. फासांचे कापड विणण्यात या शहराचा हात धरणारे थोडे आहेत. न कुजणाऱ्या पॉलिएस्टर धाग्यात, खरखरीत आणि उंच फासांचे, खास शेवाळासाठी कापड विणून घेणे सोलापूरला अवघड नाही. बाहेरून महागडी जाळी मागवण्याआधी इथल्या एखाद्या कारखानदाराला नमुना करून दाखवायला सांगावे.

या पद्धतीने काय होणार नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, नाहीतर हे पत्रसुद्धा त्या द्रावणवाल्यांच्या प्रस्तावासारखे होईल. चांगल्या उन्हात एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण 15 ग्रॅम कोरडे शेवाळ धरू. एका हेक्टरवर ते दिवसाला 150 किलो होते. त्यात एक टक्का स्फुरद म्हणजे दीड किलो, आणि पाच-सहा टक्के नत्र म्हणजे आठ-नऊ किलो. एक माणूस दिवसाला मैलापाण्यात जेवढे नत्र सोडतो ते साधारण दहा ग्रॅम धरले, तर एक हेक्टर पन्हाळी जेमतेम आठ-नऊशे माणसांचे नत्र उचलते. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. संपूर्ण शहराच्या सांडपाण्यासाठी ही पद्धत वापरायची तर हजार हेक्टरहून अधिक जागा लागेल. म्हणून शेवाळ हा देगाव किंवा अन्य ठिकाणच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना पर्याय नाही, आणि भुयारी गटाराचे काम लांबणीवर टाकण्याचे कारण तर मुळीच नाही.

मग ती कुठे उपयोगी आहे? माझ्या मते, जिथे नवे मैलापाणी येणे थांबले आहे किंवा थांबवता येण्यासारखे आहे, पण जुन्या काळचे स्फुरद पाण्यात आणि चिखलात साठून आहे, अशा बंदिस्त तलावांमध्ये. उदाहरणापुरता हिशेब मांडते. समजा, एखाद्या तलावात 10 लाख घनमीटर पाणी आहे आणि लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम स्फुरद आहे. एकूण स्फुरद 500 किलो झाले. एक हेक्टर पन्हाळी रोज दीड किलो उचलत असेल तर ते काढायला वर्षाच्या आत-बाहेरचा काळ लागतो. अर्ध्या हेक्टरला दोन वर्षे. चिखलातून वर येणारे स्फुरद आणि पाणी स्वच्छ होत गेल्यावर मंदावणारी वाढ धरली तर ही मुदत दुप्पट-तिप्पट होऊ शकते. तरीही ही माणसाच्या आवाक्यातली मुदत आहे. विजेचाही हिशेब होतो. पाण्यातले पाचवा हिस्सा स्फुरद एका फेरीत निघते असे धरले, तर दीड किलोसाठी 15,000 घनमीटर पाणी पन्हाळीवर चढवावे लागेल. तीन मीटर उचलीला आणि निम्म्या कार्यक्षमतेच्या पंपाला त्यासाठी दिवसाला सुमारे अडीचशे युनिट लागतात. शेवाळ काम करते ते दिवसाच, आणि सोलापुरात ऊन कमी पडल्याची तक्रार कुणी केलेली नाही. साठ किलोवॅटच्या सौर पटलांवर हे पंप चालू शकतात. रात्री थर ओला ठेवण्यापुरता छोटा पंप पुरतो.

इथल्या हवामानाच्या अडचणीही आहेत. मे महिन्यात पत्र्यावरून पातळ थराने वाहणारे पाणी इतके तापते की अनेक जातींचे शेवाळ करपते, म्हणून दुपारी पाण्याचा लोट वाढवावा लागेल आणि काही भागावर शेतातल्यासारखी सावलीची जाळी टाकावी लागेल. उघड्या पन्हाळीवरून बाष्पीभवन होणार. पाणीटंचाईच्या वर्षी लोक त्याबद्दल विचारतील आणि त्यांना आकडे दाखवता आले पाहिजेत. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन घटेल. हे सगळे ध्यानात घेऊनच एक संपूर्ण वर्ष, आषाढापासून ज्येष्ठापर्यंत, लहान प्रमाणावर चाचणी व्हावी असे मी म्हणते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे सोयीचे तीन महिने निवडून केलेली चाचणी आपल्याला फसवील.

रंगकामाच्या पाण्याचा वेगळा उल्लेख करते. चादरी-टॉवेलांच्या या शहरात रंगाईचे पाणी कुठल्या ना कुठल्या नाल्यात येण्याची शक्यता नेहमीच असते. रंगीत पाण्यात ऊन खोलवर जात नाही, त्यात मीठ फार असते, आणि काही रंगांबरोबर जड धातू येतात. शेवाळ हे धातू फार चांगल्या रीतीने शोषते. पाण्याच्या दृष्टीने हा गुण आहे, काढलेल्या शेवाळाच्या दृष्टीने दोष आहे. म्हणून पहिली चाचणी रंगाईच्या पाण्यापासून दूर असलेल्या तलावावर घ्यावी, आणि कोणत्याही ठिकाणचे शेवाळ गुरांना खाऊ घालण्याची परवानगी देऊ नये. नीलहरित शेवाळाच्या काही जाती यकृताला अपायकारक विष तयार करतात, हेही त्यामागचे कारण आहे. पिण्याच्या पाण्यात यांपैकी मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, यावरून त्याची तीव्रता ध्यानात यावी.

काढलेल्या शेवाळाचे खत करणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. त्यात नत्र जास्त आणि कार्बन कमी असल्याने नुसते रचले तर ते सडते आणि अमोनिया सुटतो. कोरड्या, कार्बनयुक्त मालाची जोड लागते. उसाच्या जिल्ह्यात पाचट विकत आणावे लागणार नाही, उलट ते जाळू नका म्हणून शेतकऱ्यांना विनवावे लागते. पाचट आणि शेवाळ थरांनी रचून, धातूंची तपासणी करून झालेले खत महापालिकेच्या बागांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना वापरावे. अन्नपिकांचा विचार दोन वर्षांच्या तपासण्यांनंतर करावा. निथळणारे पाणी तलावाकडे जाणार नाही असा सिमेंटचा ओटा पहिल्या दिवसापासून असावा.

आता देयकाकडे येते, कारण सगळे काम तिथेच तरते किंवा बुडते. मक्तेदाराला ओतलेल्या लिटरवर, बसवलेल्या यंत्रावर किंवा झाकलेल्या क्षेत्रफळावर पैसे मिळाले, तर तो तेवढेच करील, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्याला काढलेल्या कोरड्या शेवाळाच्या किलोवर पैसे द्यावेत. ओल्या वजनावर देऊ नयेत, कारण त्यात पाण्याचे पैसे जातील. कोरड्या वजनातही माती मिसळली जाऊ शकते. म्हणून दर महिन्याचा नमुना 550 अंश सेल्सिअसला जाळून उरलेल्या राखेचे वजन वजा करावे, आणि त्यातले स्फुरद त्रयस्थ प्रयोगशाळेत मोजावे. याला खर्च फारसा येत नाही. आणखी एक धोका माझ्या मनात आहे. केवळ वजनावर पैसे दिले तर तलावात जितके जास्त मैलापाणी येईल तितके शेवाळ जास्त आणि मक्तेदाराचा फायदा जास्त, अशी उलटी गाठ पडेल. त्यासाठी रकमेचा एक हिस्सा तलावातील एकूण स्फुरद आणि पहाटेचा प्राणवायू यांच्या सुधारणेवर राखून ठेवावा, आणि तलावात उतरणारी सांडपाण्याची तोंडे बंद करण्याची जबाबदारी प्रशासनाने आपल्याकडे लेखी घ्यावी. तोंडे उघडी ठेवून पन्हाळी चालवणे म्हणजे नळ सोडून फरशी पुसणे आहे.

प्रक्रिया केंद्रांबाबतही एक मुद्दा याच हिशेबाशी जोडलेला आहे. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी केंद्र शासनाने 2017 मध्ये काढलेल्या अधिसूचनेत सामू, जैविक प्राणवायू मागणी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), तरंगते घन पदार्थ आणि विष्ठाजन्य जिवाणू यांची मर्यादा आहे. नत्र आणि स्फुरदाची नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये त्याहून कडक मानकांचा आग्रह धरला आहे. सध्याची मर्यादा पाळणारे पाणीही शेवाळाच्या दृष्टीने सकस खतपाणी असू शकते. कोणत्याही सक्तीची वाट न पाहता सोलापूरने आपल्या प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले एकूण नत्र आणि एकूण स्फुरद दर महिन्याला मोजून जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे.

हे मी आग्रहाने म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. उजनीचे पाणी उन्हाळ्यात हिरवे होते तेव्हा आपण सगळे पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडे बोट दाखवतो. मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणीतून भीमेत येणारे सांडपाणी आपल्या पिण्याच्या जलाशयात साठते, ही तक्रार रास्त आहे आणि ती करत राहिली पाहिजे. पण आपल्या शहराचा उतारही सीनेकडे आहे, आणि सीना हत्तरसंग-कुडलजवळ भीमेला मिळते. शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख जिथे आहे तो हा संगम. तिथून पुढे ते पाणी कर्नाटकातल्या गावांकडे जाते. वरच्या शहरांकडून आपण जी अपेक्षा करतो ती खालच्या गावांनी आपल्याकडून केली तर दाखवायला आपल्याजवळ मोजलेले आकडे असावेत.

चाचणीची जागा निवडण्याचा अधिकार आपला आहे. माझे मत विचाराल तर तलाव लोकांच्या डोळ्यांसमोरचा असावा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानातून तलाव खोदला, ही या गावाची पहिली ओळख सांगितली जाते. सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला उभे राहणाऱ्या लाखो लोकांना त्या पाण्याविषयी आपलेपणा आहे. तिथल्या मंदिर परिसराचे पावित्र्य आणि किल्ल्याजवळील बांधकामाचे नियम पाहता मोठी पन्हाळी तिथे बसवता येईलच असे नाही, आणि तसे असल्यास विजापूर रस्त्यावरील संभाजी तलावाचा विचार व्हावा. पहिल्या वर्षी पाचशे चौरस मीटरही पुरेत. त्यातून दिवसाला सात-आठ किलो कोरडे शेवाळ, म्हणजे पाऊणशे ग्रॅम स्फुरद निघेल. तलावाला त्याने फरक पडणार नाही, पण सोलापूरच्या उन्हात, सोलापूरच्या पाण्यावर खरे उत्पादन किती येते हा आकडा हाती येईल, आणि पुढची निविदा त्या आकड्यावर काढता येईल. काठावर एक फलक असावा आणि त्यावर दर आठवड्याचे काढलेले शेवाळ, त्यातले स्फुरद आणि पहाटेचा प्राणवायू खडूने लिहिला जावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि शहरातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांतील विद्यार्थ्यांना हे मोजमाप करण्याची संधी द्यावी. त्यांना प्रकल्प हवे असतात आणि आपल्याला नोंदी हव्या आहेत.

माझ्याकडे 12 वर्षांच्या पहाटेच्या प्राणवायूच्या नोंदी वह्यांमध्ये आहेत. विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरात आहेत, काही पानांवर पाण्याचे डाग आहेत, पण प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि पाण्याचे तापमान लिहिलेले आहे. त्या वह्या मी आपल्या पर्यावरण विभागाकडे विनामूल्य सुपूर्द करीन. चाचणी सुरू झाल्यास दर मंगळवारी पहाटे साडेपाचला बाटल्या घेऊन काठावर येण्याची माझी तयारी आहे, आणि ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता तीही आता रसायनशास्त्र शिकवते. तिनेही यायचे कबूल केले आहे. आपण भेटीची वेळ दिल्यास आम्ही दोघी वह्या घेऊन येऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
सोलापूर